संगणकाची वेळ कमांडने बघणं आणि लावणं: सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इंदूरच्या विजयनगर किंवा सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसात सिस्टिम सपोर्टला लागलं की 'मशीनची वेळ चुकतेय' ही तक्रार लवकरच वाट्याला येते. बरेच नवे लोक लगेच तारीख बदलायची कमांड शोधतात आणि मोबाइलमध्ये बघून वेळ टाकून देतात. पुढच्या रीस्टार्टला वेळ पुन्हा चुकते. हाताने वेळ लावणं हे सगळ्यात शेवटचं काम. त्याआधी टाइमझोन कोणता आहे, वेळ कुठल्या सर्व्हरकडून येते आणि मदरबोर्डवरचं घड्याळ काय म्हणतंय, हे बघायचं असतं.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपी आणि इंग्रजी आकडे वापरा. वेगळं सांगितलं नसेल तर अक्षरं लहान.)

लिनक्सवर नुसतं 'डेट' टाइप करा, मग 'डेट -यू'. पहिली कमांड स्थानिक वेळ दाखवते, दुसरी यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाण वेळ. दोन्हींत बरोबर साडेपाच तासांचा फरक हवा. फरक शून्य असेल तर मशीन यूटीसीवरच आहे. क्लाउडवर नव्याने घेतलेला सर्व्हर बहुधा असाच असतो. अशा वेळी घड्याळ साडेपाच तास पुढे करू नका. पडद्यावरचा आकडा बरोबर दिसेल, पण मशीनची आतली वेळ खोटी होईल आणि लॉग, प्रमाणपत्रं, ओटीपी सगळं त्या खोट्या वेळेवर चालेल. खरा उपाय एका ओळीचा आहे: 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता'. 'सुडो' म्हणजे कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणं. यात 'एशिया'चा ए आणि 'कोलकाता'चा के मोठे.

यादीत इंदूर किंवा दिल्ली शोधत बसू नका, अख्ख्या देशाला हेच एक नाव आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि इंदूर साधारण ७५.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडची मध्यम सौर वेळ प्रमाणवेळेपेक्षा जवळजवळ २७ मिनिटं मागे पडते. जुन्या भारतीय ज्योतिषात ज्या उज्जैनवरून मूळ रेखांश मोजायचे, तिथल्या वेधशाळेतलं सूर्ययंत्र नुसतं वाचलं तर म्हणूनच मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. प्रमाणवेळ ही ठरवून घेतलेली गोष्ट आहे हे एकदा मनात बसलं, की झोन आणि घड्याळ यांची गल्लत होत नाही.

अमेरिकन क्लायंटच्या शिफ्टमध्ये असाल तर मशीनचा झोन न बदलता तिकडची वेळ बघता येते: 'टीझेड=अमेरिका/न्यू_यॉर्क डेट'. इथे टी, झेड आणि नावांची पहिली अक्षरं मोठी. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. मीटिंगची वेळ लिहिताना नुसतं 'आयएसटी' लिहू नका. इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात.

झोन ठीक असेल तर नुसतं 'टाइमडेटसीटीएल' चालवा. सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड आणि एनटीपी सर्व्हिस या ओळी नीट वाचा. एनटीपी म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरकडून वेळ आपोआप मिळवायची पद्धत. एनटीपी चालू असताना 'सेट-टाइम' दिलं तर मशीन नकार देतं. मग नवा माणूस 'सेट-एनटीपी फॉल्स' करतो, वेळ लावतो आणि एनटीपी परत चालू करायचं विसरतो. २० पीपीएम (दहा लाखांत २०) चुकीचं साधं क्वार्ट्झ दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतं, म्हणजे महिन्याभरात ५० सेकंदांच्या पुढे. अ‍ॅपमध्ये तयार होणाऱ्या ओटीपीची खिडकी सहसा ३० सेकंदांची असते आणि कर्बेरॉस (ऑफिस नेटवर्कमध्ये लॉगिन तपासणारी पद्धत) नेहमीच्या मांडणीत ५ मिनिटांपर्यंतच फरक चालवून घेतं. त्यामुळे काही आठवड्यांनी लॉगिन बंद पडतं आणि दोष पासवर्डला दिला जातो.

एनटीपी चालू असूनही सिंक होत नसेल तर फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट उघडा आहे का ते बघा. क्रोनी (लिनक्सवरचा एनटीपी प्रोग्रॅम) असेल तर 'क्रोनीसी सोर्सेस' आणि 'क्रोनीसी ट्रॅकिंग' सगळं सांगतात. सर्व्हर कुठला, हेही महत्त्वाचं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी वेळ मिळवायची आहे. भारतीय प्रमाणवेळ जपणारी संस्था ही प्रयोगशाळाच.

हाताने लावायचीच असेल तर वर्ष-महिना-दिवस हाच क्रम वापरा: 'सुडो डेट -एस "२०२५-०४-०५ १०:३०:००"'. जुनी आकड्यांची पद्धत आधी महिना मागते. ५ एप्रिलसाठी सुरुवातीला ०५०४ टाकलंत तर मशीन मुकाट्याने ४ मे लावेल. १४ तारखेला निदान चूक दाखवली जाते, कारण चौदावा महिना नसतो. रूप (फॉरमॅट) ठरवून वेळ छापताना टक्क्यापुढचा लहान एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिटं. बॅकअप फाइलच्या नावात हा घोळ फार होतो. 'डेट'ने लावलेली वेळ मदरबोर्डच्या घड्याळात लगेच जात नाही. त्यासाठी 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू' द्या. 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइम' ते स्वतः करतं.

चालू डेटाबेस सर्व्हरवर मात्र घड्याळ एकदम मागे नेऊ नका. नोंदींचा क्रम उलटतो आणि क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं दोनदा चालू शकतात. थोडा फरक असेल तर क्रोनीला तो हळूहळू भरून काढू द्या. कंटेनरच्या (एका मशीनवर वेगळं करून चालवलेल्या प्रोग्रॅमच्या) आतून वेळ बदलायची खटपटही नको. घड्याळ होस्टचं, म्हणजे त्या मूळ मशीनचं असतं.

विंडोजवर 'डेट /टी' आणि 'टाइम /टी' फक्त दाखवतात. '/टी' न देता चालवलं तर नवी किंमत विचारतात, बदलायची नसेल तर एंटर. बदलायला कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. तारखेचा क्रम त्या मशीनच्या रीजन सेटिंगप्रमाणे असतो, म्हणून कंसातला नमुना वाचूनच टाका. झोन 'टीझेडयूटिल /जी'ने कळतो, सिंक 'डब्ल्यू३२टीएम /रीसिंक'ने होतं. सेवा सुरू नाही असं उत्तर आलं तर आधी 'नेट स्टार्ट डब्ल्यू३२टाइम'. मशीन डोमेनमध्ये (ऑफिसच्या एकत्र सांभाळलेल्या विंडोज नेटवर्कमध्ये) असेल तर वेळ डोमेन कंट्रोलरकडून, म्हणजे त्याच्या मुख्य सर्व्हरकडून येते. चूक असेल तर दुरुस्ती तिथे करायची.

विद्यार्थ्यांच्या ड्युअल बूट (लिनक्स आणि विंडोज दोन्ही असलेल्या) लॅपटॉपवर लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ समजून वाचतं. 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ने भांडण मिटतं.

आणि रोज सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असेल तर कमांड सोडा, मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला. मशीन बंद करून प्लग काढा, अधिक खुणेची बाजू वर ठेवा. त्यानंतर विंडोजवर मात्र वेळ आधी हाताने जवळपास आणावी लागते, कारण डोमेनबाहेरचं विंडोज मूळ सेटिंगमध्ये १५ तासांपेक्षा मोठा फरक सिंकने स्वीकारत नाही.