गाणं तोंडात बसेपर्यंत

माझ्या पहिल्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं त्या दिवशी मी काचेच्या अलीकडे, संगीतकाराच्या मागच्या खुर्चीवर बसले होते. अंतऱ्यात एक ओळ होती: 'पाण्यावर प्रतिबिंबित चांदणे'. गायिकेने ती चार वेळा गायली आणि चारही वेळा मला 'प्रती... बिंबित' असे दोन तुकडे ऐकू आले. चालीतला लांब स्वर नेमका 'ति'वर येत होता. मात्रा, म्हणजे अक्षरांना लागणारा वेळ, मोजल्या तर चूक कुठेच नव्हती. प्र, ति, बि, त यांची एकेक, बिंची दोन, एकूण सहा. चालीला सहाच हव्या होत्या. संगीतकार मागे वळून शांतपणे म्हणाले, "दहा मिनिटं घ्या, दुसरा शब्द द्या."

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. शब्दकोशातले सगळे भारदस्त शब्द आठवत होते आणि एकही बसत नव्हता. शेवटी ती चाल शब्दांशिवाय नुसती 'ल-ला-ल-ला' अशी म्हणत राहिले, तेव्हा लक्षात आलं की दुसरं अक्षर गुरू, म्हणजे दोन मात्रांचं हवं, बाकी काही नको. 'तरंगते'. त-रं-ग-ते. मात्रा सहाच, पण लांब स्वर 'रं'वर आला आणि तिथे तो आनंदाने थांबला. 'पाण्यावर तरंगते चांदणे' ही ओळ अर्थानेही आधीच्या ओळीपेक्षा चांगली होती. प्रतिबिंब डोक्याने कळतं, तरंगतं चांदणं दिसतं. गीतलेखनाबद्दल मला आज जे काही सांगता येतं, त्याची सुरुवात त्या जिन्यात झाली.

तोवर मी कविता लिहीत होते आणि वृत्तं मला येत होती. ऱ्हस्व अक्षर लघु, एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, दोन मात्रा. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तर तेही गुरू, म्हणून 'पुष्प'मधला 'पु' गुरू. पण 'तुझ्या'मधला 'तु' लघुच राहतो, कारण 'झ्या' म्हणताना त्याच्यावर जोर पडत नाही. हे नवीन माणसाने शिकलंच पाहिजे आणि ते पंधरा दिवसांत येतं. 'छंद वगैरे जुनं झालं, आम्ही मुक्त लिहितो' असं म्हणणारी मुलं भेटतात. चालीवर शब्द लिहायची पहिली वेळ येते तेव्हा तीच मुलं सगळ्यात जास्त हाल सोसतात. मात्र मात्रांनी ओळीची लांबी कळते, वजन कुठे पडतं ते कळत नाही. त्यासाठी ताल लागतो.

ताल शिकायला तबला यायला हवा असं नाही. केरव्याच्या आठ मात्रा चार-चार, दादऱ्याच्या सहा तीन-तीन, रूपकाच्या सात तीन-दोन-दोन. एवढं हाताने टाळी देत म्हणता आलं तरी कामाला सुरुवात होते. मी गीतलेखनाच्या वर्गात पहिल्या दिवशी वही उघडू देत नाही. सगळे टाळी धरतात आणि एकेकाने एक साधं वाक्य त्या टाळीत म्हणायचं. 'मी आज येणार नाही.' सम, म्हणजे तालाची पहिली, जोराची मात्रा, 'मी'वर आणली तर वाटतं, दुसरं कोणी येईल. 'आज'वर आणली तर उद्याची आशा उरते. 'नाही'वर आणली तर भांडण झालेलं आहे. वाक्य तेच, शब्द तेच. हे ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासाठी मी दर वर्षी हाच पहिला तास घेते. मग 'आणि', 'की', 'तर' असे शब्द समेवर बसवून म्हणायला लावते. गाणं कुठे लंगडतं ते त्यांचं त्यांनाच कळतं.

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी गोष्ट, स्वर. मराठीत आपण 'मन' लिहितो आणि 'मन्' बोलतो, शेवटचा अ गिळतो. छंदात मात्र ती दोन पूर्ण लघु अक्षरं आहेत. गाताना दोन वाटा असतात: 'मऽन्' म्हणायचं की 'मनऽ' म्हणायचं. पहिल्यात बोलण्याचा जवळपणा येतो, दुसऱ्यात पद्याचा डौल येतो. दोन्ही चालतात, पण एकाच मुखड्यात, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या सुरुवातीच्या ओळीत, एकदा हे आणि एकदा ते झालं की कानाला खटकतं. त्यामुळे गाणाऱ्याशी आणि संगीतकाराशी बसून हे आधी ठरवून घ्यावं. ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर ताणलं की अर्थही बिघडतो. 'दिन' ताणला की 'दीन' होतो, म्हणजे दिवस गरीब होऊन बसतो. 'मन' ताणलं की 'मान' ऐकू येण्याचा धोका असतो. आणि वरच्या पट्टीतल्या लांब स्वराला 'आ' किंवा 'ए' मिळाला तर गळा मोकळा राहतो. तिथे तुम्ही 'उ' दिलात, किंवा ओळ 'ट्', 'क्', 'प्' अशा दार लावणाऱ्या व्यंजनावर संपवलीत, तर गाणाऱ्याला शेवटी ओढाताण करावी लागते. उलट कधी कधी तेच हवं असतं. नकार, तुटणं, अचानक गप्प होणं यांसाठी बंद अक्षरासारखं दुसरं काही नाही.

शब्द कुठे तुटतो हेही बघायला हवं. 'तो वर आला' आणि 'तोवर आला' कागदावर वेगळं दिसतं, गाण्यात फक्त श्वासाने वेगळं होतं. आणि श्वास तुमचा नसतो, गाणाऱ्याचा असतो. म्हणून माझा एक नियम आहे: ओळ लिहून झाली की ती दुसऱ्या कोणाला फोनवर म्हणून दाखवायची आणि त्याने काय ऐकलं ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं. त्याने चुकीचं लिहिलं तर वाद घालायचा नाही, ओळ बदलायची.

यमकाबद्दल मराठीत एक मोह आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आली-गेली-झाली, येते-जाते-गाते ही यमकं आपोआप हातात पडतात आणि गाणं गुळगुळीत होतं. 'दारापाशी पाऊस आला, सारा दिवस ओला झाला' यात चूक काही नाही, पण पुढे जायला जागाही नाही. मी क्रियापद ओळीच्या आत ढकलायला सांगते. 'दारापाशी आला पाऊस'. आता 'पाऊस'ला यमक शोधावं लागतं. एका मुलाने दिलं, 'आता तरी तू नको जाऊस'. यमकाच्या शोधात गाण्यात दुसरं माणूस आलं! तोपर्यंत त्या गाण्यात फक्त हवामान होतं.

ज्यांना चालीची अजून भीती वाटते त्यांनी अभंगापासून सुरुवात करावी. त्यात मात्रा नाहीत, अक्षरं मोजायची. मोठ्या अभंगाचे चार चरण, सहा-सहा-सहा-चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. बोटांवर मोजता येतं. वर्गात फळ्यावर लिहिलेला हा नमुना पाहा: 'बंद खिडकीशी / थांबलेले ऊन / गेले परतून / न बोलता'. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा असल्यामुळे तिथे आपोआप शांतता होते. ती शांतता भरायचा मोह पहिल्या महिन्यात सगळ्यांना होतो. अक्षरं लहान-मोठी करून गाता येत असल्यामुळे हा छंद चालीला फार सोशीक आहे. इतकी शतकं तो लोकांच्या तोंडी टिकला, यात या सोशीकपणाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

कामाला लागल्यावर मात्र बहुतेक वेळा चाल आधी येते. संगीतकार पेटीवर किंवा गिटारवर गुणगुणून फोनवर पाठवतो, त्यात काहीतरी डमी शब्द असतात. ते डमी शब्द हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या तोंडातून सहज 'आ' निघाला असेल तर तिथे 'आ'च हवा आहे, हे त्याच्या गळ्याने सांगितलेलं असतं. मी आधी डमी शब्दांचे फक्त स्वर उतरवून घेते आणि मग अर्थाकडे वळते. आधी मुखडा, आणि मुखडा मनासारखा होईपर्यंत अंतरा नाही.

मुखड्याची खरी परीक्षा तो दुसऱ्यांदा येतो तेव्हा होते. कवितेत वाचक पान मागे उलटू शकतो, गाण्यात ऐकणारा पुढेच जात असतो. मागे नेणारी एकच गोष्ट असते, मुखडा. तो परत येतो तेव्हा थोडा बदललेला वाटायला हवा, शब्द तेच ठेवून. यासाठीचा स्वाध्याय असा: मुखडा द्यायचा 'दार उघडं ठेव'. पहिल्या अंतऱ्यात बाहेर निघालेली मुलगी आईला हे म्हणते. दुसऱ्या अंतऱ्यात वय झालेली, आतल्या खोलीत निजलेली आई मुलीला म्हणते. दोन्हीत दार तेच. हा स्वाध्याय नीट जमला की माझ्याकडे शिकवण्यासारखं फार थोडं उरतं.

शिकवताना माझ्याकडून एक चूक झाली ती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांच्या वहीत त्यांची ओळ खोडून शेजारी माझी ओळ लिहीत असे. ओळ बहुधा चांगली असायची. एका मुलीने हळूहळू लिहून आणणंच बंद केलं. विचारलं तर म्हणाली, "ताई, वही उघडली की त्यात तुमचंच अक्षर दिसतं." मला रात्रभर झोप आली नाही. तेव्हापासून मी वहीत फक्त प्रश्न लिहिते, तेही पेन्सिलने. कोण म्हणतंय? कोणाला? आत्ताच का? हे गाता येईल? या चार प्रश्नांवर बहुतेक वर्ग चालतो. शिकवण्याकडे वळणाऱ्या नव्या गीतकारांना माझं हेच सांगणं आहे: तुम्हाला ओळ सुचली तरी ती गिळा.

सुचण्याची वाट बघणाऱ्यांना मी गीतरामायणाची आठवण करून देते. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी त्यातली 56 गाणी प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांची शब्दकळा आपल्याला येणार नाही, पण आठवड्याचा वार पाळणं येऊ शकतं. आमच्याकडे दर शनिवारी एक मुखडा आणायचा, वाईट असला तरी. वर्षाचे पन्नास मुखडे होतात, त्यातले चार-पाच गाणी होतात. हे प्रमाण निराश करणारं नाही. बाकीच्या मुखड्यांनी ते चार-पाच लिहायला शिकवलेलं असतं.

काम कुठून मिळतं, हा प्रश्न सगळे पहिल्याच दिवशी विचारतात. माझ्या पाहण्यात सगळ्यात चांगली सुरुवात एकांकिकांमधून होते. तिथे संगीतकारही तुमच्याच वयाचा असतो, तालमीत गाणं रोज ऐकायला मिळतं आणि रोज दुरुस्त करता येतं. पुढे मालिकांची शीर्षकगीतं, जाहिराती, स्वतंत्र गाणी. पण आधी एक संगीतकार मित्र मिळवा आणि त्याच्यासोबत दोन वर्षं काढा.

आणि सही करण्याआधी कागद वाचा. भावनेच्या भरात मी एकदा तो न वाचता सही केली आणि गाण्यावर माझं नावही आलं नाही. प्रताधिकार कायदा 1957चा आहे. त्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रिकेतल्या गाण्याच्या पुढच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा करारातसुद्धा काढून घेता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारं गाणं तेवढं याला अपवाद. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्काचे पैसे गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था 1969 पासून आहे, दोन-तीन गाणी प्रकाशित झाली की तिथे सभासद होण्याची चौकशी करा. पैशांचं बोलायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण ज्याने दहा मिनिटांत शब्द बदलून दिला त्याचं कामही तिथे जमा असतं.

वही बंद करून बसलेली ती मुलगी पुढच्या वर्षी परत आली. गेल्या हिवाळ्यात तिने एका एकांकिकेसाठी गाणं लिहिलं आणि मला तालमीला बोलावलं. ओळ होती 'निःशब्द उभी खिडकीपाशी'. लय चढी होती. गाणारा मुलगा दोनदा 'निःशब्द'पाशी अडखळला. माझ्या तोंडात पर्याय आला होता, मी ओठ घट्ट मिटून बसले. तिने डोळे मिटून मांडीवर टाळी धरली, एक आवर्तन जाऊ दिलं आणि म्हणाली, "'गप्प उभी ती' करून बघ." त्याने करून बघितलं. सोळा मात्रा जागच्या जागी बसल्या, आणि तालीम पुढच्या प्रवेशाकडे गेली.