वखारीतल्या ओंडक्यापासून जहाजाच्या पट्टीपर्यंत

‘खरं जहाज सागाचं होतं, तर मॉडेलही सागाचंच करा’ हा सल्ला जहाजाचं लाकडी मॉडेल करणाऱ्या नवशिक्याला हमखास मिळतो. तो साफ चुकीचा आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ घ्या. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेली ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची लढाऊ नौका, मलबारी सागाची; इंग्लंडात हार्टलपूलला ती आजही पाहता येते. तिची सुमारे १५० फुटांची लांबी १:६४ प्रमाणात ७१ सेंमी होते. सागाची मोठी छिद्रं ०.३ मिमीपर्यंत रुंद असतात, म्हणजे याच प्रमाणात जवळजवळ दोन सेंमीची भोकं. अशा फळ्यांचं जहाज डोळ्यांना कधीच पटत नाही. शिवाय सागातली सिलिका ब्लेडची धार घालवते आणि त्याच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही.

आपल्याला हवं बारीक छिद्रांचं, एकसारख्या पोताचं लाकूड. माझी पहिली पसंती हळदूला. कापडगिरण्यांचे बॉबिन याच लाकडाचे होत, ते उगीच नाही. ताजा काप पिवळा असतो, पुढे हळूहळू तांबूस होतो. पांढरट पट्ट्यांसाठी काळा कुडा घ्या. चन्नपट्टणची खेळणी त्याचीच. काळ्या पट्ट्यांना टेंभुर्णीचा गाभा लावा, रंग फासू नका. कप्पी, तोफांचे गाडे असल्या बारीक कामाला कुंती, पेरू, लिंबू, कढीलिंब उत्तम. छाटणीत मनगटाएवढी फांदी मिळाली तरी पुष्कळ झालं. बाल्सा या हलक्या, मऊ लाकडाच्या नादी लागू नका, त्याला धारदार कड राहत नाही.

हळदू वखारीतून बिलासह घ्या. साग, हळदू, फणस ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ओळखीच्या कुणाच्या शेतातलं झाड परवानगीशिवाय पाडून आणायचं नाही. वखारीत लाकडाची लांबी-रुंदी बघण्याआधी तोंड, म्हणजे कापलेलं टोक, बघा. वर्तुळं सरळ आणि सारखी हवीत, मधोमध झाडाचा कणा नको.

ओल्या ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना त्याच दिवशी ऑइल पेंट फासा, ओंडका उभा चिरून दोन भाग करा आणि सावलीत हवेवर ठेवा. ‘इंचाला एक वर्ष’, म्हणजे इंचभर जाडी वाळायला एक वर्ष, हा अंदाज ठीक आहे, पण खरा निवाडा वजनकाट्याचा. दर महिन्याला वजन पेन्सिलीनं लाकडावरच लिहा. कोरड्या दिवसांत ते घटायचं थांबलं की लाकूड तयार. पावसाळ्यात चिरकाम करू नका. सालीलगतच्या पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते, तो काढून टाका.

आता चिराई. मी स्वतः इथेच सगळ्यात जास्त काळ अडकलो होतो, आणि लोक याबद्दलच सगळ्यात कमी सांगतात.

आधी रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, शोधा. करवत रेषेला जुमानत नाही, ती तिरकी कापत जाते. वरून सरळ दिसणारी पट्टी जहाजाच्या नाकाडाशी वाकवताना तुटते ती यामुळेच. म्हणून चाळीसेक सेंमीचा तुकडा घ्या आणि पाचर मारून कडेची एक कपची फोडा. लाकूड फुटतं ते रेषेनंच. फुटलेली बाजू सरळ असेल तर रंध्यानं साफ करा. टेबल सॉच्या, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल करवतीच्या मशीनच्या, गाईडला (लाकूड टेकवायच्या सरळ कडेला) टेकवायची बाजू हीच. हळदूत रेषा कधी कधी गुंतलेल्या असतात. फुटलेली बाजू पिळवटलेली निघाली, तर तो तुकडा पट्ट्यांना वापरू नका, त्यातून सांगाड्याच्या फासळ्या कापा. दुसरी गोष्ट, वाढीची वर्तुळं पातळ तक्त्याच्या पृष्ठभागाला काटकोनात यायला हवीत. तसा तक्ता पावसाळ्यात कमी फुगतो आणि वाटीसारखा वळत नाही.

मग ब्लेड. एकाच ब्लेडनं सगळं होतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ठोकळ्यातून तक्ते काढायला कमी दातांचं, कार्बाइड टोकांचं ब्लेड हवं. बारीक दातांत भुसा अडकतो आणि लाकूड करपतं. तक्त्यातून पट्ट्या काढायला ०.८ मिमी जाडीची हायस्पीड स्टीलची स्लिटिंग सॉ, म्हणजे पातळ गोल करवत, लावा. ती मशीन टूल्सच्या दुकानात मिळते. तिच्या दातांना फाक नसते, म्हणजे ते आलटून पालटून बाहेर वाकवलेले नसतात, म्हणून जाड लाकडात ती घासून तापते. चार-पाच मिमीच्या पुढे तिला ताणू नका.

क्रमही महत्त्वाचा. डेकची ३ इंच जाड, ९ इंच रुंद फळी १:६४ ला १.२ बाय ३.६ मिमी होते. तक्ता १.२ मिमीचा करून त्यातून ३.६ च्या पट्ट्या काढल्या, तर दर कापाला ०.८ मिमी जातं, म्हणजे साधारण १८ टक्के लाकूड. उलट ३.६ चा तक्ता करून १.२ च्या चकत्या काढल्या, तर ४० टक्के लाकडाचा भुसा होतो. वर्षभर वाळवलेल्या हळदूचे असे हाल मला बघवत नाहीत.

आणि सुरक्षितता. ब्लेड आणि गाईड यांच्यात अडकलेली पातळ पट्टी कापणाऱ्याच्या दिशेनं बाणासारखी सुटते. ब्लेडच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. पट्टी नेहमी ब्लेडच्या मोकळ्या बाजूला पडू द्या. त्यासाठी ब्लेडच्या पुढच्या दाताच्या थोडं अलीकडे, मोकळ्या बाजूला, एक अडणी घट्ट बसवा आणि दर वेळी तक्ता तिला टेकेपर्यंत गाईड सरकवा. वेळ जास्त जातो, जाऊ द्या. ब्लेडभोवतीची फट पूर्ण बंद हवी: ब्लेड खाली ठेवून टेबलावर ॲक्रिलिकची अखंड पट्टी बसवा, मशीन चालू करा आणि ब्लेड हळूहळू वर आणा. ढकलायला काठी वापरा, बोट नाही. हातमोजे काढून ठेवा, मास्क मात्र घाला.

तक्ते जाडीला आणायला थिकनेस सँडर (घासून एकसारखी जाडी करणारं मशीन) वापरा, आणि व्हर्नियरनं चारही कोपरे तपासा.

सगळ्या पट्ट्या एकदम कापून ठेवू नका, त्या पिळतात. तक्ते हव्या त्या जाडीपेक्षा ०.३ मिमी जास्त जाड ठेवून वजनाखाली दाबून ठेवा आणि त्या आठवड्यात लागतील तेवढ्याच कापा. एका ठोकळ्यातल्या तक्त्यांवर निघाल्या क्रमानं आकडे घाला. विषम आकड्यांचे डाव्या बाजूला, सम आकड्यांचे उजव्या बाजूला लावले की दोन्ही अंगांचा रंग जुळतो.