स्वस्त बास गिटारच्या उंच तारा खाली कशा आणाव्यात

स्वस्त बास बऱ्याचदा उंच तारा घेऊनच कारखान्यातून बाहेर पडते. उंच तार फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) घासून खरखरत नाही, त्यामुळे नीट जुळवणी न करताही गिटार विकता येते. त्रास पुढे वाजवणाऱ्याच्या बोटांना होतो. बहुतेक वेळा ही दुरुस्ती घरी जमते, फक्त क्रम पाळायला हवा.

पहिलं काम मोजमापाचं. तारा नेहमीच्या सुरात लावा, कारण सैल तारांवर घेतलेलं माप उपयोगाचं नसतं. बास वाजवताना धरतो तशी धरा आणि १२ व्या फ्रेटचा माथा ते तारेची खालची कड हे अंतर पट्टीने पाहा. जाड ई तारेखाली साधारण २.५ आणि बारीक जी तारेखाली २ मिलिमीटर असेल, तर हात सुखाने चालतो. ४ च्या आसपास असेल तर पुढे वाचा.

आता नेकचा, म्हणजे मानेचा, बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि ८ व्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघा. ०.३ मिलिमीटरच्या जवळपास असेल तर ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या धातूच्या सळीला) हातही लावू नका. फट बरीच जास्त असेल तर योग्य मापाची अ‍ॅलन की घ्या. ढिली बसणारी चावी रॉडच्या टोकाच्या नटाच्या कडा खाऊन टाकते आणि मग काम खरंच महागात पडतं. तारा थोड्या सैल करा आणि चावी जिथून घालता तिथून पाहत ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवा. पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या, मग मोजा. चावी अडली तर जोर लावू नका. ट्रस रॉड बाक कमी-जास्त करण्यासाठी असतो. तारांची उंची त्याच्याकडूनच उतरवून घ्यायचा हट्ट धरला, तर नेक उलटी वाकते आणि पहिल्या काही फ्रेटवर खरखर सुरू होते.

उंचीचा खरा बंदोबस्त ब्रिजवर, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या भागावर, होतो. प्रत्येक सॅडलला (तार जिच्यावर टेकते त्या छोट्या बैठकीला) दोन बारीक स्क्रू असतात. ते दोन्ही सारखेच फिरवा, म्हणजे सॅडल तिरकं होणार नाही. १२ वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून सॅडल १ मिलिमीटर उतरवलं की तिथे अर्धाच मिलिमीटर फरक दिसतो. त्या हिशेबाने उतरवा, दर वेळी सूर लावा आणि सगळे फ्रेट वाजवून पाहा.

स्वस्त गिटारची खरी गोची पुढे येते: सॅडल ब्रिजच्या पत्र्याला टेकलं, तरी तारा उंचच. अशा वेळी नेकचा कोन बदलावा लागतो. तारा पूर्ण सैल करा, मागचे चार स्क्रू काढा आणि नेक उचला. नेक बसते त्या खाचेत ब्रिजच्या बाजूच्या टोकाला जाड कार्डाची अरुंद पट्टी ठेवा. स्क्रूंची भोकं झाकली जाऊ देऊ नका. अर्धा मिलिमीटर पुरे, कारण तेवढ्यानेही ब्रिजपाशी दोनेक मिलिमीटरचा फरक पडतो. मग सॅडल उलट थोडी वरच घ्यावी लागतील. खाचेच्या पूर्ण लांबीची लाकडी पाचर जास्त नेटकी, पण कार्डाची पट्टीही चालते.

फक्त पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच तार दाबायला जड जात असेल, तर दोष नटाच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यातून जातात त्या पट्टीच्या) खाचांचा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट हवी. खाच खोल करायला तारेच्या जाडीची कानस लागते, आणि जास्त घासलं गेलं तर नटच बदलावा लागतो. हात बसलेला नसेल तर एवढं काम कारागिराकडे द्या.

शेवटी १२ व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून काढलेला स्वर जुळवा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे (नेकपासून दूर), उतरता असेल तर पुढे. अँप लावून वाजवा. नुसत्या कानाला ऐकू येणारी बारीक खरखर अँपमधून येत नसेल, तर ती तशीच राहू द्या.