मेंढीपालनात पैसा कुठे गळतो आणि तो कसा थांबवायचा

कळपात डोकी किती, हे विचारलं की उत्तर लगेच मिळतं. दूध तुटेपर्यंत शंभर मेंढ्यांमागे कोकरं किती टिकली, हे विचारलं की बहुतेकांना आठवावं लागतं. नफा याच आकड्यावर ठरतो, कारण भाकड मेंढी चारा तेवढाच खाते आणि औषधही तेवढंच पिते.

हा आकडा वाढवायची तयारी मेंढा सोडायच्या दोन महिने आधी सुरू होते. मेंढ्याचं वीर्य तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात. म्हणून आधी होऊन गेलेला ताप किंवा खुरातली जखम नेमक्या हंगामात नडते आणि नर दिसायला धडधाकट असूनही मेंढ्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. त्याचे खूर, दात पाहा. वृषण हातात धरून दाबा. दोन्ही सारखे, घट्ट आणि गाठ नसलेले हवेत. एका जाणत्या मेंढ्यामागे २५ ते ३० मेंढ्या पुरे. दर दोन वर्षांनी नर बदला, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींवर जातो.

मेंढीची तब्येत डोळ्यांनी कळत नाही, लोकर फसवते. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर हात ठेवून चाचपा. मणक्याची टोकं करवतीसारखी टोचली तर गुण १, चरबीत बुडून सापडलीच नाहीत तर ५. दाबल्यावर जाणवतात पण टोचत नाहीत, तो ३, आणि नर सोडताना तोच हवा. दोन-अडीचवर असलेल्या मेंढ्यांना नर सोडायच्या तीन आठवडे आधीपासून रोज २५० ते ३०० ग्रॅम धान्याचा खुराक द्या, नंतरही दोन-तीन आठवडे चालू ठेवा. जुळ्यांचं प्रमाण यानेच वाढतं. सुरुवात मात्र १०० ग्रॅमने करा, एकदम भरपूर धान्य पडलं की पोटात आम्ल वाढून मेंढी आडवी होते. आधीच लठ्ठ असलेल्या मेंढीवर हा खर्च वाया जातो.

मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला रंग लावा, म्हणजे तो जिच्यावर चढला तिच्या पाठीवर खूण उमटते. रंग दर १७ दिवसांनी बदला, फिक्यापासून गडदाकडे. माजाचं चक्र १६-१७ दिवसांचं असल्याने दुसरा रंग लागलेली मेंढी पहिल्या वेळी फळली नाही, एवढं नक्की. चार-दोन मेंढ्यांचं असं झालं तर हरकत नाही. निम्म्या कळपाच्या पाठीवर दोन रंग दिसले, तर दोष मेंढ्याचा, त्याला त्याच दिवशी बदला. तीन चक्रं झाली की, म्हणजे ५१ दिवसांनी, नर वेगळा करा. मग सगळी कोकरं सात-आठ आठवड्यांत जन्मतात आणि लसीकरण, खुराक, विक्री टोळीने करता येते.

गाभणकाळ सुमारे १४७ ते १५० दिवसांचा. पहिले साडेतीन महिने साधी चराई चालते. पोटातल्या कोकराचं दोन-तृतीयांशाहून जास्त वजन शेवटच्या सहा आठवड्यांत भरतं आणि त्याच वेळी वाढलेलं गर्भाशय पोटातली जागा अडवतं. चारा मावत नाही, म्हणून रोज २५० ते ४०० ग्रॅम खुराक दोन वेळांत विभागून द्या. तो न मिळाल्यास जुळी वाढवणारी मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, खाणं सोडते, आंधळ्यासारखी धडकते. त्या दिवशीच डॉक्टर आणा, दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो. आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा रोग, त्याच्या लसीचा वार्षिक डोस विण्याच्या तीन-चार आठवडे आधी द्या, म्हणजे संरक्षण चिकातून कोकराला मिळतं.

विताना तीन कामं. नाळ ७ टक्के टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा. दोन्ही सडांतून एकेक धार काढा, टोकाला मेणासारखा खडा अडकलेला असतो. पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिलि चीक पोटात जायला हवा, तीन किलोच्या कोकराला १५० मिलि. कोकराच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागलं तर आधी ऊब द्या, मग पाजा. गारठलेल्या कोकराला पाजलेला चीक फुप्फुसात जाऊ शकतो.

जंतनाशकावर सर्वांत जास्त पैसा उधळला जातो. कॅलेंडर बघून सरसकट डोस देण्याऐवजी खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. लालभडक असेल तर सोडून द्या, फिकट गुलाबी किंवा पांढरट असेल तर पाजा. हा रंग रक्त पिणाऱ्या जंतांचाच पत्ता देतो, बाकीच्यांसाठी लेंड्या तपासाव्या लागतात. डोस अंदाजाने नको. गटातल्या सर्वांत जड मेंढीच्या वजनावर ठरवा, कारण अपुऱ्या डोसात वाचलेले जंत पुढे औषधाला दाद देत नाहीत. १०-१४ दिवसांनी पुन्हा लेंड्या तपासा. अंडी तेवढीच असतील तर औषध बदला.

गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना कधीच नको. त्यातलं तांबं यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी गडद तांबडी होऊन मेंढी दगावते.

दोन आठवड्यांच्या कोकरांना आईला शिरता येणार नाही अशा अरुंद फटीच्या कोपऱ्यात खुराक ठेवा. ९० दिवसांनी दूध तोडा. तोडायच्या दोन-तीन दिवस आधी आईचा खुराक बंद करा म्हणजे दूध आटतं आणि कास सुजत नाही. हलवायचं ते आईला, कोकरं ओळखीच्या वाड्यातच राहू द्या. तीन आठवड्यांनी प्रत्येक कास हाताने चाचपा. एका बाजूला कडक गाठ लागली, समोरचे दात पडले असतील किंवा सलग दोन हंगाम रिकामी गेली असेल, तर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर विक्रीच्या यादीत लिहा.