आठ-दहा महिन्यांचा कुत्रा हाकेला येईनासा झाला तर

सहा महिन्यांपर्यंत 'ये' म्हटलं की धावत येणारं पिल्लू वयात आलं की मान वळवून बघतं आणि पुन्हा वास घेत बसतं. आमच्या मोत्याने सांगलीत कृष्णाकाठी मला असंच तासभर पळवलं. त्यावर कामी आला बैलाचा कासरा!

१. पाच-सहा मीटरचा हलका कासरा घ्या. तो गळपट्ट्याला बांधू नका, छातीच्या पट्ट्याला बांधा. हिसका बसला तर मानेला इजा होते. दुसरं टोक हातात धरा, पण मनगटाला गुंडाळू नका.

२. मोकळ्या रानात त्याला फिरू द्या. मग एकदाच 'ये' म्हणा. दहादा ओरडलं की त्याला दहावी हाकच खरी वाटते.

३. नाही आला तर दोन पावलं उलट्या दिशेला चाला. बहुतेक वेळा मागे येतोच. तरीही नाही आला तर कासरा हळूहळू आवळत जवळ आणा.

४. आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या आणि लगेच परत सोडा. हे सोडणं महत्त्वाचं. नाहीतर 'ये' म्हणजे 'चल घरी' हे तो पक्कं करून ठेवतो.

उशिरा आला म्हणून रागावू नका, पुढच्या वेळी तो येणारच नाही. रोज दहा मिनिटं पुरतात.

आणि आपल्याकडे घरोघरी बेदाणे असतात, म्हणून सांगतो: बक्षीस म्हणून बेदाणा किंवा द्राक्ष कधीच देऊ नका. कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.