कंपनीच्या साउंड सिस्टिमने समाधान होत नसेल तर : स्पीकर बदलण्याआधी काय तपासावे

मोटारीचे सर्वांत वरचे व्हेरियंट घेताना सनरूफ आणि कॅमेऱ्यांच्या बरोबरीने स्पीकरच्या जाळीवरचे नामांकित नावही अनेकांच्या मनात असते. शोरूममध्ये दारे लावून, इंजिन बंद ठेवून, विक्रेत्याने निवडलेल्या गाण्यावर ती यंत्रणा भारदस्त वाटते. गाडी घरी येते, घोडबंदर रस्त्यावर मानपाडा ते गायमुख अशी रोजची जा-ये सुरू होते, आणि महिन्याभरात लक्षात येते की डग्ग्याचा घुमारा नुसताच भोंगळ आहे, गायिकेच्या 'स' आणि 'श' या अक्षरांना कानाला टोचणारी धार आहे, आणि आवाज वाढवला की बास वाढण्याऐवजी पातळ होत जातो. ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. मात्र तिचे कारण आपण गृहीत धरतो ते क्वचितच असते, आणि म्हणूनच स्पीकर बदलणे हा पहिला नव्हे, तर शेवटचा उपाय मानावा, असे माझे अनुभवाने बनलेले ठाम मत आहे.

जाळीवरच्या नावाचा अर्थ आधी समजून घ्यावा. बोसने 1983 च्या सुमारास एका विशिष्ट मोटारीसाठी तिच्या केबिनच्या मोजमापानुसार घडवलेली ध्वनियंत्रणा आणली आणि तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. आज जेबीएल, इन्फिनिटी आणि हरमन कार्डन ही तिन्ही नावे हरमन या एकाच कंपनीची असून ती कंपनी 2017 पासून सॅमसंगच्या मालकीची आहे. नाव तेच असले तरी गाडीतला स्पीकर हा दुकानात खोक्यात मिळणारा स्पीकर नसतो. वजन, किंमत आणि दारातली जागा यांची मर्यादा मोटार कंपनी ठरवते आणि त्या चौकटीत तो बनवला जातो. चुंबक लहान आणि सांगाडा प्लास्टिकचा असल्यामुळेच तो वाईट ठरत नाही, कारण त्याच्या उणिवा भरून काढण्याचे काम कंपनीचा ॲम्प्लिफायर (स्पीकरला शक्ती पुरवणारा भाग) करत असतो. लहान स्पीकर फाटू नये म्हणून आवाज वाढवताना खालचे स्वर आपोआप कमी करण्याची योजनाही बऱ्याच गाड्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये असते, त्यामुळे मोठ्या आवाजात बास पातळ होणे हा बिघाड नसून मुद्दाम केलेली तजवीज असू शकते.

तपासणीची सुरुवात फोनपासून करावी. साध्या ब्लूटूथवर फोन आणि गाडी यांचे जमेल त्या पद्धतीने जुळते आणि एसबीसी या सर्वसामान्य पद्धतीत ध्वनी सेकंदाला साधारण 328 किलोबिटपर्यंतच दाबून पाठवला जातो. वायरलेस अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले यांची ओळखपरेड ब्लूटूथवर झाली तरी संगीत वायफायवरून जाते, त्यामुळे तो मार्ग अधिक चांगला आणि यूएसबी केबलचा मार्ग सर्वांत भरवशाचा. त्याहून मोठा दोष पुष्कळदा ॲपच्या सेटिंगमध्ये लपलेला असतो. मोबाइल डेटा वाचवण्याचा पर्याय चालू राहिलेला असतो आणि घरच्या वायफायवर उत्तम वाजणारे गाणे तुर्भ्याच्या सिग्नलला निम्म्याहून कमी दर्जाने येत असते. फोनमधला इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणारी सोय) बंद करावा, कारण फोनचा आणि गाडीचा असे दोन इक्वलायझर एकावर एक चढले की आवाजाची मोडतोड कुठे झाली ते शोधता येत नाही. परीक्षेसाठी रेकॉर्डिंगही विचारपूर्वक निवडावे. 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली जुनी नाट्यपदे कितीही प्रिय असली तरी त्यांत खालचे आणि अगदी वरचे स्वर मुळातच नाहीत, तेव्हा त्यांवरून गाडीची पारख होत नाही. तबला आणि तंबोरा स्पष्ट ऐकू येणारी अलीकडची मैफल फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-स्वरूपात पेन ड्राइव्हवर घ्यावी. आपल्या कानांना ओळखीचे गाणे सर्वांत उपयोगी.

त्यानंतर गाडीच्या सेटिंगमध्ये बास, मिड, ट्रेबल शून्यावर आणावेत, सराउंड किंवा थ्रीडीसारखे परिणाम बंद करावेत, वेगानुसार आवाज वाढवणारी सोय तात्पुरती बंद ठेवावी आणि फेडर (पुढे-मागे) व बॅलन्स (डावे-उजवे) मध्यावर ठेवावेत. मग एकेक कोपरा वेगळा ऐकावा. एखादा ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) मुका असल्याचे किंवा मागच्या दारात काहीतरी किरकिरत असल्याचे याच वेळी कळते आणि तो सरळ वॉरंटीचा विषय असतो. एक परीक्षा मात्र अवश्य करावी. एकाच व्यक्तीचे निवेदन लावून बॅलन्स मध्यावर ठेवल्यास आवाज डॅशबोर्डच्या एखाद्या ठरावीक जागेवरून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो जर सगळीकडे पसरलेला, ठावठिकाणा नसलेला वाटत असेल, आणि फक्त डावी किंवा फक्त उजवी बाजू वाजवल्यावर बास उलट भरीव होत असेल, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत, असे समजावे. दोन्ही स्पीकरचे पडदे परस्परविरुद्ध हलतात आणि एकमेकांचा बास खोडून टाकतात. दाराचे डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत हा दोष विशेष करून शोधावा. दुरुस्ती पाच मिनिटांची असते.

गाडी ऐकण्याची वेळ आणि जागा यांनाही महत्त्व आहे. पहिली परीक्षा पहाटे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एसी बंद ठेवून आणि माफक आवाजात करावी. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि शेजाऱ्यांची झोप हा त्याहून मोठा नियम आहे. दुसरी परीक्षा पाम बीच रस्त्यावर रविवारी सकाळी, वेगमर्यादेत एकसारख्या वेगाने जाताना करावी. तेच गाणे उभ्या गाडीत भरदार आणि चालत्या गाडीत पोकळ वाटत असेल, तर दोष स्पीकरचा नाही. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाची घरघर मुख्यतः खालच्या स्वरांत असते आणि ती नेमका बास गिळून टाकते. काँक्रीटच्या रस्त्यावर हे अधिक जाणवते. अशा वेळी टायरमधील हवा आणि टायरची झीज आधी पाहावी.

मी स्वतः हा क्रम पाळला नाही. ठाण्यातल्या एका दुकानाने "कंपनीचे स्पीकर काढून टाका, बाकी सगळे ठीक आहे" असे खात्रीने सांगितले आणि मी पुढच्या दारांत महाग स्पीकर बसवून घेतले. गाडी घेऊन निघालो आणि माजिवड्याच्या पुलावर पोहोचण्याआधीच आवाज पूर्वीपेक्षा लहान आणि निर्जीव झाल्याचे कळले. पुढे घरी जुन्या स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावून पाहिला तेव्हा 1.8 ओहम (विद्युत रोधाचे माप) दिसले, म्हणजे तो 2 ओहमचा स्पीकर होता. नव्या स्पीकरवर 3.4 दिसले, म्हणजे तो 4 ओहमचा. त्याच ॲम्प्लिफायरकडून 4 ओहमच्या स्पीकरला जवळपास निम्मीच शक्ती मिळते. शिवाय ॲम्प्लिफायरमध्ये कंपनीने घातलेला इक्वलायझर जुन्या स्पीकरच्या उणिवांसाठी होता, तो आता नव्या स्पीकरच्या निरोगी आवाजाला औषध देत बसला होता. स्पीकर विकत घेण्याआधी जुन्याचा ओहम मोजून दाखवायला सांगणे, एवढी एक गोष्ट केली असती तर ते पैसे वाचले असते.

खरी सुधारणा दारात आहे. पुढच्या दाराच्या पत्र्यावर, हँडलच्या खालच्या भागात, बोटाच्या पेराने टकटक करून पाहावी. डब्यासारखा 'टण्ण' आवाज रेंगाळत असेल तर तो पत्राच स्पीकरबरोबर गातो आहे. दार ही स्पीकरची पेटी असते. तंबोऱ्याचा भोपळा तडकलेला असेल तर तारा बदलून सूर लागत नाही, तसेच हे आहे. खारघरला एका मित्राच्या गाडीचे दार आम्ही उघडले तेव्हा आत जे दिसले ते इथे सांगण्यासारखे आहे. हँडलच्या झाकणामागचे दोन स्क्रू काढून प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा एकेक करून सोडवल्यावर पॅनेल सुटले, त्यामागे काळ्या चिकट पट्टीने लावलेला पातळ प्लास्टिकचा पडदा होता आणि त्याच्या पलीकडे तळहाताएवढ्या भोकांमधून बाहेरचा उघडा पत्रा दिसत होता. स्पीकरच्या पाठीमागून निघालेला आवाज त्याच भोकांतून पुढे येऊन समोरच्या आवाजाला खोडत होता. बाहेरच्या पत्र्यावर दोन मिलिमीटर जाडीची, वर ॲल्युमिनियमचा थर असलेली ब्युटिल रबराची शीट रोलरने दाबून बसवली. दुसऱ्या दाराला अजून हात लावलेला नव्हता, त्यामुळे दोन्ही दारांवर आळीपाळीने टकटक करून पाहता आली. एकीकडे 'टण्ण' आणि दुसरीकडे लाकडासारखे 'ठक्'. गाणे लावल्यावर डग्ग्याची थाप सुरू कुठे होते आणि संपते कुठे, हे पहिल्यांदा वेगळे कळले.

हे काम करताना आपल्याकडच्या पावसाचा विचार सर्वांत आधी करावा. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतेच आणि तळाच्या छोट्या भोकांतून ते वाहून जाते. ती भोके शीटने किंवा फोमने बुजली तर जुलै संपेपर्यंत दारात पाणी साचते आणि पत्रा आतून गंजू लागतो. पाणी शोषणारा फोम दाराच्या ओल्या बाजूला लावूच नये. प्लास्टिकचा पडदा फाडला तर तो पुन्हा हवाबंद चिकटवलाच पाहिजे, नाहीतर पाणी पॅनेलमधून थेट पायाशी येते. स्वस्त डांबरी शीट घेऊ नये. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ती वास सोडते आणि खाली सरकते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा, म्हणून हे काम भर पावसाळ्यात काढू नये. काही गाड्यांच्या पुढच्या दारात एअरबॅगसाठी हवेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे दारातली मोठी भोके बंद करण्याआधी सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावे. एअरबॅगचे पिवळे कनेक्टर आणि विजेवरच्या गाडीतल्या नारिंगी तारा यांना स्वतः कधीही हात लावू नये.

दार शांत झाल्यावरही समाधान नसेल तर डीएसपीकडे, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज आणि वेळ वेगवेगळी जुळवणाऱ्या डिजिटल यंत्राकडे वळावे. आपण उजव्या बाजूला बसतो. उजव्या दाराचा स्पीकर साधारण 80 सेंटिमीटरवर असेल तर डाव्या दाराचा 140 वर असतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे डावा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि गायक आपल्या उजव्या गुडघ्याशी बसल्यासारखा भासतो. डीएसपी जवळच्या स्पीकरला तेवढेच थांबवून गायकाला डॅशबोर्डच्या मध्यावर आणतो. त्याचबरोबर केबिनमध्ये ठरावीक स्वरांना येणारा फुगवटा तो मोजून कापतो. दारांचा भोंगळपणा बहुधा 100 ते 200 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि काळी एक पट्टीतल्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झवर, म्हणजे नेमका त्याच्या मध्यात येतो. पुरुषी आवाज घशात अडकल्यासारखे का वाटतात, याचे बरेचसे उत्तर इथे मिळते. तिथे दोन-तीन डेसिबल कमी केले तर ट्रेबल वाढवण्याची गरजच उरत नाही. वाढवण्यापेक्षा कापणे केव्हाही बरे.

दुकान निवडताना डेमोच्या गाडीतल्या दणदणाटावर जाऊ नये. वाशी असो वा ठाणे, समोरच्या माणसाला विचारावे की मोजमाप माइक लावून, चालकाच्या कानाजवळ करणार का, कंपनीची मूळ तार न कापता गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर (जोडणीचा प्लग) वापरणार का, कंपनीच्या ॲम्प्लिफायरमधून येणारा इक्वलायझरने आधीच वळवलेला सिग्नल सपाट कसा करणार, आणि बॅटरीवरून घेतलेल्या तारेचा फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत बसवणार का. तार शुद्ध तांब्याचीच मागावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दिसायला तशीच असते, पण तितक्याच जाडीत कमी प्रवाह झेपवते. सीटखाली बसणारा आठ इंची ॲक्टिव्ह सबवूफर, म्हणजे स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला बासचा स्पीकर, 80 हर्ट्झच्या खालचे काम उचलतो आणि दारांवरचा भार हलका करतो. छोट्या कुटुंबाच्या गाडीत डिकी न अडवणारा हाच पर्याय मला योग्य वाटतो. गाडीत इंजिनची घरघर माइकने ऐकून उलट ध्वनीने खोडणारी यंत्रणा असेल तर नव्या सबवूफरशी तिची गाठ पडून केबिन घुमू लागते. ती बंद करण्याची सोय आहे का, ते आधीच विचारावे.

स्पीकर मुका असेल, फाटका वाजत असेल किंवा सांगितलेल्या संख्येपेक्षा कमी स्पीकर असतील, तर एक रुपयाही खर्च करू नये. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तक्रार लेखी नोंदवावी, त्याच व्हेरियंटच्या टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत तेच गाणे त्याच आवाजावर ऐकवावे आणि फरक त्यांच्याच माणसाकडून लिहून घ्यावा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते; 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करता येते. मात्र आवाज आवडला नाही, हे एवढेच कारण तिथे पुरत नाही, म्हणून वरच्या तपासण्यांची तारीखवार नोंद ठेवावी.

बाहेरून बसवलेले ॲम्प्लिफायर आणि सबवूफर विमा पॉलिसीत आपोआप येत नाहीत. बिल पाठवून विद्युत उपकरणे म्हणून त्यांची नोंद करून घ्यावी लागते. कंपनीचे काढलेले स्पीकर, स्क्रू आणि क्लिपा एका खोक्यात नाव घालून घरातच ठेवाव्यात, दुकानात सोडू नयेत. गाडी विकताना किंवा वॉरंटीच्या कामासाठी नेताना त्या पुन्हा बसवता येतात.