लोकसाउंड ५ डिकोडरचा आवाज कसा जुळवावा

मॉडेल रेल्वेचं नवीन साउंड इंजिन, म्हणजे आवाज करणारा डिकोडर (इंजिनातली नियंत्रक चिप) बसवलेलं इंजिन, सहसा गरजेपेक्षा मोठ्यानंच वाजतं. १:८७ मापाच्या लोकोचा भोंगा शेजारच्या खोलीत ऐकू आला की मजा गेलीच. इथे जर्मनीतल्या ईएसयू कंपनीचा लोकसाउंड ५ धरला आहे. सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग. इतर कंपन्यांचे सीव्ही क्रमांक वेगळे असतात: एकूण आवाजासाठी लोकसाउंडला सीव्ही ६३, झिमोला २६६, तर साउंडट्रॅक्सच्या त्सुनामी २ ला १२८.

आधी प्रोग्रामिंग ट्रॅकवर, म्हणजे फक्त सेटिंगसाठीच्या वेगळ्या रुळावर, सीव्हींच्या जुन्या किमती वाचून कागदावर लिहून ठेवा. मग इंजिन मुख्य ट्रॅकवर आणा, वरचं कवच चढवा आणि चालत्या ट्रॅकवरच्या प्रोग्रामिंगनं बदल करा. फरक लगेच ऐकू येतो. कवच काढून जुळवलेला आवाज कवच बसवल्यावर बदलतो, म्हणून कवच चढवण्याआधी जुळवायची घाई नको.

सीव्ही ६३ ची मर्यादा १९२ आहे. तो १०० च्या आसपास आणा आणि नंतर एकेका आवाजाकडे वळा. त्यासाठी सीव्ही ३१ मध्ये १६ आणि सीव्ही ३२ मध्ये १ लिहायलाच हवं; पुढचे क्रमांक कुठल्या गटातले धरायचे, ते हे दोन सीव्ही ठरवतात. ही पायरी सर्वात जास्त चुकते. सीव्ही ३२ मध्ये ० राहिला, तर तुम्ही आवाज समजून लिहिलेला आकडा दिव्यांच्या सेटिंगमध्ये जातो आणि पुढचा दिवा भलतंच काही करू लागतो.

डिकोडरमध्ये प्रत्येक आवाजाचा वेगळा कप्पा, म्हणजे स्लॉट असतो. आता सीव्ही २५९ म्हणजे पहिल्या स्लॉटचा आवाज, २६७ दुसऱ्याचा, २७५ तिसऱ्याचा. असे आठ-आठनं पुढे. प्रत्येकाची कमाल १२८. इंजिनाची धडधड बहुधा पहिल्या स्लॉटमध्ये असते. भोंगा आणि घंटा कुठे, ते त्या साउंड प्रोजेक्टच्या (डिकोडरमध्ये भरलेल्या आवाजांच्या संचाच्या) तक्त्यात पाहा. सुरुवातीला इंजिन ७०, भोंगा ११०, घंटा ४० ठेवून पाहावं. तासभर चालणारा आवाज खाली आणि क्षणभराचा वर, हे गणित सहसा जमतं. सगळं जुळल्यावर सीव्ही ६३ पुन्हा खोलीनुसार थोडा हलवा.

आवाज फाटत असेल तर आकडे वाढवून उपयोग नाही. ११ × १५ मिमीचा छोटा स्पीकर खर्जातले सूर पेलू शकत नाही. स्पीकरची डबी हवाबंद नसेल, तर मागची ध्वनिलहर पुढचीला खोडते आणि आवाज पोकळ येतो. फटी सिलिकॉननं बुजवा. लोकसाउंड ५ ला ४ ते ३२ ओहमचा स्पीकर चालतो. जुन्या लोकसाउंड ३.५ ला मात्र १०० ओहमचा लागतो. त्याला ८ ओहमचा जोडला तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

वाफेच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला दोन सिलिंडरचे ४ फुसकारे हवेत. जर्मन ४४ वर्गासारख्या तीन सिलिंडरवाल्यात ६. वेगाची सेटिंग आधी संपवा, कारण फुसकाऱ्यांची लय तिच्यावरच उभी असते. मग पहिल्या वेगपायरीवर सीव्ही ५७ नं लय बसवा आणि मध्यम वेगावर सीव्ही ५८ नं सुधारा.

ब्रेकचा करकराट उशिरा येत असेल तर सीव्ही ६४ वाढवा. तरीही ऐकू आला नाही तर सीव्ही ४ पाहा. तो फार लहान असला की इंजिन करकराट सुरू होण्याआधीच थांबतं.

अगदीच गोंधळ झाला तर सीव्ही ८ मध्ये ८ लिहा. सगळं मूळ स्थितीवर येतं, पण इंजिनाचा पत्ताही (कंट्रोलरवर ते निवडण्याचा क्रमांक) पुन्हा ३ होतो.